के१० दारूगोळा वाहन: झपाटा जबरदस्त, पण तोफांमागे किती घेणार?

१५५ मिलिमीटरचा एक गोळा साधारण ४३ किलोचा. दक्षिण कोरियाच्या के९ या पट्ट्यांवर स्वतः चालणाऱ्या तोफेत असे ४८ गोळे बसतात. जोराचा मारा सुरू झाला की मिनिटाला सहाच्या हिशेबाने तीन मिनिटांत १८ गोळे गेले. तोफ लगेच जागा बदलते, आडोशाला जाते, आणि तिथे तिचं पोट परत भरावं लागतं. ४८ गोळे म्हणजे दोन टनांहून जास्त ओझं.

के१० वाहन याच कामासाठी आहे. के९चाच सांगाडा, तेच १००० अश्वशक्तीचं इंजिन, वर बुरुजाऐवजी चिलखती कोठार. आत १०४ गोळे आणि चार्जचे, म्हणजे गोळा फेकणाऱ्या बारुदाचे, ५०४ नग. माणसं फक्त तीन. सांगाडा एकच असल्याने सुटे भाग आणि मेकॅनिक दोन्हींना चालतात, आणि तोफ जिथे चढेल तिथे हेही चढतं. वजन ४७ टन, म्हणजे वाटेतल्या नदीनाल्यांवरच्या पुलांचा हिशेबही तोफेसारखाच धरायचा.

खरी करामत तोंडाशी आहे. के१० तोफेच्या मागून नाक लावून येतं, पुढून बंदिस्त पूल बाहेर सरकतो आणि तोफेच्या पाठीतल्या झडपेला भिडतो. गोळे त्यातून सरकत जातात, मिनिटाला १२ पर्यंत. बाहेर कोणी उतरत नाही. थंडी, पाऊस, किरच्या, सगळं बाहेरच. कागदावर ४८ गोळ्यांना चार मिनिटं लागतात. जुळवणी आणि चार्ज धरले तर घड्याळ जास्तच दाखवणार. पूल लागायला दोन्ही गाड्या एका रेषेत आणि जवळपास एका पातळीवर हव्यात. उतारावर किंवा चिखलात एक बाजू खचली की पुढे-मागे करण्यातच वेळ जातो. म्हणून भरण्याची जागा आधी हेरून ठेवावी.

अमेरिकेचं एम९९२ याच्या अगदी उलट स्वभावाचं. एम१०९ तोफेच्या सांगाड्यावरचं, १९८०च्या दशकातलं, ९३ गोळे नेणारं. ते तोफेला पाठ लावून उभं राहतं. मागचं वरचं दार छपरासारखं उचलतं आणि कन्व्हेयर बाहेर येतो. यंत्र रुसलं तर दोन माणसं हातोहात गोळे देऊ शकतात. के१०चं सगळं यंत्रावर, त्यामुळे हायड्रॉलिक्स आणि सेन्सरची देखभाल चुकली की १०४ गोळे जवळ असून हात बांधलेले.

चार्जचं गणितही करून ठेवा. प्रत्येक गोळ्यामागे सहा नग लावले तर ५०४ नग ८४ गोळ्यांनाच पुरतात. उरलेले २० गोळे नुसतं ओझं. कायम लांब पल्ल्यावर मारा करणाऱ्या तुकडीने भरताना हे प्रमाण बघावं.

आता खरेदी. नॉर्वेने आधी २४ तोफांमागे ६ के१० घेतली, म्हणजे चार तोफांत एक, वाट्याला २६ गोळे. २०२२ मध्ये आणखी ४ तोफा आणि तब्बल ८ के१० मागवली: २८ला १४. ऑस्ट्रेलियाने ३० तोफांना १५ ठरवली. दोन तोफांत एक घेतलं की वाट्याला ५२ येतात, म्हणजे एक पूर्ण भरण आणि वर चार. हेच प्रमाण शहाणपणाचं वाटतं. आपल्याकडे के९ वज्र, म्हणजे के९चीच भारतीय आवृत्ती, २०१८ मध्ये देवळालीला तोफखान्यात दाखल झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १०० तोफांचा करार झाला. तिच्यामागच्या भरणीलाही हाच हिशेब लागू पडतो.

जाहिरातीत न दिसणारी बाजू म्हणजे के१० स्वतः कुठे भरणार? साडेचार टन गोळे पॅलेटवरून उतरवायचे, गोळ्याच्या टोकाला उचलण्यासाठी लावलेली कडी काढायची, मग आत घालायचे. इथे मिनिटाला बाराचा वेग विसरा. मागे क्रेनचे ट्रक आणि माणसं पुरेशी नसतील तर पुढचा महागडा पूल रिकाम्या कोठाराला जोडलेला राहील.