जुन्या गाडीसाठी घेतलेला ओबीडी स्कॅनर : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

माझी गाडी २०१४ सालची, पेट्रोलवर चालणारी, पाच गिअरची मॅन्युअल असून एक लाख बारा हजार किलोमीटर धावलेली आहे. गेल्या ऑक्टोबरात परतीच्या पावसात ती सिग्नलवर थरथरू लागली आणि चेक इंजिनचा दिवा लागला, तेव्हा हजार रुपयांच्या आतला एक ब्लूटूथ अडॅप्टर, म्हणजे गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारा ओबीडी स्कॅनर मागवला. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये तो बसतो आणि फोनवरच्या अ‍ॅपमध्ये इंजिनची माहिती दिसू लागते. गाडी फार जुनी असेल तर असे सॉकेट आहे का, हे घेण्याआधी पाहून घ्यावे.

बिघाड दाखवणारा पहिलाच कोड निघाला पी०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. "गाडी मिसिंग मारून राहिली भाऊ, चारही प्लग अन् चारही कॉइल बदलून टाकू," असे आमच्या मिस्त्रींचे म्हणणे होते. (प्लग ठिणगी पाडतो, कॉइल त्याला वीज पुरवते.) परंतु त्या सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नाही, एवढेच हा कोड सांगतो. कारण प्लग, कॉइल, इंजेक्टर किंवा कमी झालेले कॉम्प्रेशन यांपैकी कोणतेही असू शकते. माझ्या गाडीत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असल्यामुळे तिसऱ्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल केली, कोड पुसला आणि नागपुरातल्या फुटाळा तलावापर्यंत चक्कर मारली. परतताना दिवा पुन्हा लागला, पण या वेळी कोड होता पी०३०२. बिघाड कॉइलबरोबर सरकला होता, त्यामुळे एकच कॉइल बदलून काम भागले. कोड तिथेच राहिला असता तर प्लगची अशीच अदलाबदल करावी लागली असती. कोड पुसला की, दिवा लागला त्या क्षणीचा वेग, तापमान आणि इंजिनवरचा भार यांची नोंदही पुसली जाते, म्हणून आधी तिचा स्क्रीनशॉट घ्यावा. मी तो घेतला नव्हता.

पुढे मला कोडपेक्षा चालू आकडेच अधिक उपयोगी वाटू लागले. जानेवारीत वर्धा रोडवर वीस मिनिटे चालवूनही कूलंटचे तापमान ७० अंशांच्या वर जाईना, तेव्हा थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटचा प्रवाह रोखणारी झडप, उघडाच अडकल्याचे कळले. मार्चमध्ये दिवा लागलेला नसतानाही आयडलिंग (गाडी उभी असतानाचे इंजिनचे चालणे) खालीवर होत होते. लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणकाने पेट्रोलच्या प्रमाणात केलेली वाढ-घट, आयडलला अधिक १६ टक्के, तर अडीच हजार आरपीएमला अधिक ३ टक्के दिसत होते. साधारण दहा टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. त्याहून जास्त म्हणजे मिश्रणात हवा अधिक येत असल्याने संगणक पेट्रोल वाढवतो आहे. थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) जवळजवळ बंद असताना बाहेरून शिरणारी थोडी हवाही मोठा फरक पाडते आणि आरपीएम वाढल्यावर तिचे प्रमाण नगण्य होते, त्यामुळे संशय व्हॅक्यूमच्या पाइपांवर गेला. मॅनिफोल्डमागचा एक रबरी पाइप तडकलेला सापडला. आपल्याकडच्या उन्हाळ्यात इंजिनजवळचे रबर किती टिकणार?

गिअरबॉक्सच्या बाबतीत मात्र स्कॅनरने एकही कोड दिला नाही. साध्या मॅन्युअल गिअरबॉक्सला स्वतःचा संगणक नसतो, तेव्हा तक्रार कोण करणार? मे महिन्यात गाडीचा पिकअप गेला आणि क्लच दाबला की घरघर येऊ लागली. बुटीबोरीच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर मी शेजारी बसलेल्या मुलीला आरपीएम आणि वेग वाचायला लावले. पाचव्या गिअरमध्ये ६० च्या वेगाला २००० आरपीएम असत. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबताच आरपीएम २६०० वर गेले आणि वेग जेमतेम ६२ झाला. एकाच गिअरमध्ये हे गुणोत्तर बदलू शकत नाही. ते बदलते तेव्हा क्लच घसरत असतो. गिअरबॉक्स उतरवल्यावर क्लचची प्लेट रिव्हेटपर्यंत झिजलेली निघाली. तो उतरवावा लागलाच, पण आतून उघडायची वेळ आली नाही.

घरघरीचे निदान मात्र मिस्त्रींचे. "मशीनले काय समजते, कान लावा," म्हणत त्यांनी न्यूट्रलमध्ये क्लच दाबून-सोडून ऐकले. दाबल्यावर येणारा आवाज रिलीज बेअरिंगचा, म्हणजे क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगचा. सोडल्यावर येऊन दाबताच थांबणारा आवाज गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा, हे त्यांनीच मला शिकवले. या परीक्षेत माझा स्कॅनर सपशेल नापास झाला. ऑटोमॅटिक गाडीवाल्यांनाही सांगून ठेवतो, की पी०७०० हा कोड ट्रान्समिशनच्या संगणकात आणखी कोड आहे एवढीच सूचना देतो, आणि तो आतला कोड असल्या स्वस्त अडॅप्टरने बहुधा वाचता येत नाही.

दोष आणखीही आहेत. ब्लूटूथची जोडणी अधूनमधून तुटते, माझ्या पत्नीच्या आयफोनला तो जोडलाच जात नाही, आणि एबीएस किंवा एअरबॅगचे कोड तो वाचत नाही. एकदा तो आठ दिवस सॉकेटमध्येच राहिला आणि गावाहून परतल्यावर बॅटरी उतरलेली आढळली, तेव्हापासून काम झाले की काढून ठेवतो.

अलीकडे सकाळी गाडी सुरू करताना किंचित निळसर धूर दिसतो आणि ऑइलची पातळी घटते, पण स्क्रीनवरचे सगळे आकडे नेहमीसारखेच आहेत. सध्या दर पाचशे किलोमीटरला डिपस्टिक पाहून वहीत नोंद करतो आहे, आणि पोळ्यानंतर कॉम्प्रेशन टेस्ट करून घेण्याचे ठरले आहे.