जुन्या गाडीचा स्टेअरिंग कॉलम: दुरुस्ती, भंगारातला की नवाच?

स्टेअरिंगच्या चाकापासून खाली जाणारा दांडा आणि त्याची नळी म्हणजे कॉलम. मेस्त्री ‘कॉलम गेला’ म्हणाला तरी लगेच खिशात हात घालू नका. खड्ड्यांतून जाताना पुढून येणारी खडखड पुष्कळदा टाय रॉड एंडची (चाकाला वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाची) किंवा रॅकच्या (स्टेअरिंगने सरकणाऱ्या दातेरी दांड्याच्या) बुशची निघते. गाडी उभी करून एकाने स्टेअरिंग जरासं डावी-उजवीकडे हलवावं, दुसऱ्याने टॉर्च घेऊन पेडलांपाशी वाकून बघावं. वरचा दांडा हलतो, पण यू-जॉइंटच्या, म्हणजे दांड्याचे दोन तुकडे जोडणाऱ्या सांध्याच्या, पुढचा मागाहून हलतो? मग जॉइंट झिजलाय. स्टेअरिंग वर-खाली डुलतंय? बुश किंवा बेअरिंग. पूर्ण फेऱ्यात दोनदा जड आणि दोनदा हलकं लागलं, तर जॉइंट गंजून धरलाय. आपल्याकडे खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस, त्यामुळे उभ्या राहिलेल्या गाडीला हे व्हायचंच.

साधं, पॉवर नसलेलं स्टेअरिंग असेल तर माझं मत दुरुस्तीकडे. मारुती ८०० बनायची २०१४ मध्ये थांबली, तरी तिचे सुटे भाग अजून मिळतात. जॉइंट सोडवण्याआधी दांड्यावर खूण करायला सांगा, नाहीतर गाडी सरळ आणि स्टेअरिंग वाकडं. वेल्डिंगला मात्र साफ नकार द्या. समोरून धडक बसली की कॉलम आत दबावा, दांडा छातीत घुसू नये, अशीच त्याची रचना असते. टाका मारला की ती सोय गेली. आणि तो टाका चोर्ला घाटाच्या वळणावर सुटला तर?

भंगारातला अख्खा कॉलम नव्यापेक्षा बराच स्वस्त. ‘बेळगावसून हाडून दितां’ (बेळगावहून आणून देतो) म्हणणारा कोणीतरी भेटतोच. पण गाडी भंगारात गेली कशाने, हे आधी विचारा. समोरून ठोकलेली असेल तर कॉलम आधीच दबलेला असू शकतो. जुन्याशेजारी ठेवून लांबी मोजा. शिवाय त्याच्यासोबत त्याचं कुलूप येतं: दाराला एक चावी, स्टार्टला दुसरी. आपलं कुलूप त्यावर चढवता येतं, पण बहुतेक कुलपांच्या बोल्टची डोकी मुद्दाम तोडलेली असतात, ती ड्रिलने काढावी लागतात. आमच्या घरी दोन चाव्यांचा जुडगा वर्षभर चालला. बाबा रोज चुकीचीच चावी आधी लावायचे.

इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंगचं गणित वेगळं. पुष्कळ छोट्या गाड्यांत मोटर आणि सेन्सर कॉलमवरच बसवलेले असतात. डॅशबोर्डवर स्टेअरिंगचा दिवा लागून स्टेअरिंग जड झालं तर आधी बॅटरी, तिची टर्मिनलं, फ्यूज आणि अर्थिंग तपासा. व्होल्टेज कमी पडलं तरी हेच होतं. तिथे सगळं ठीक असून सेन्सरच गेला असेल, तर रस्त्याकडेच्या गॅरेजात तो उघडू देऊ नका. नवा कॉलम घ्या, किंवा वॉरंटी देऊन दुरुस्त करणाऱ्याकडे द्या. भंगारातला घेतलाच, तर त्याच मॉडेलचा, त्याच व्हेरियंटचा.

नवा मागवायचा तर वेळ धरून चला. चवथीला गाडी हवी असेल, तर श्रावण लागायच्या आत ऑर्डर द्या.