पिकअपच्या हौद्याला फवारलेलं लायनर: एक पावसाळा काढल्यानंतर

आमची बोलेरो पिकअप पहाटे तुर्भ्याच्या एपीएमसी घाऊक बाजारातून भाजी भरते आणि घोडबंदर रोडच्या दुकानांना पोचवते. मधूनमधून बेलापूरजवळच्या दिवाळे गावाहून मासळीच्या फेऱ्या असतात. क्रेट, गोण्या, हमालांचे आकडे, बर्फाचं खारट पाणी, सगळं हौद्यानेच सोसायचं. फेब्रुवारीत हौद्याला पॉलियुरेथेनचं लायनर, म्हणजे आतून जाड अस्तर, फवारून घेतलं. आता दिवाळी तोंडावर आली आहे.

लायनर घेताना बहुतेक जण ओरखडे आणि पोचे एवढंच बघतात. खाडीकाठी गाडी चालवणाऱ्याने आधी पाण्याचं बघावं. लायनरखाली पाणी शिरलं तर ते बाहेर कुठून पडणार?

हौद्यात बसवायचा प्लास्टिकचा तयार टब मी याच कारणासाठी टाळला. गाडी चालली की टब थरथरतो, खाली अडकलेली वाळू सँडपेपरसारखी रंग घासत राहते आणि उघड्या पडलेल्या पत्र्याच्या खाचांमध्ये पाणी साचतं. वरून काहीच कळत नाही. ओळखीच्या एका मासळीवाल्यांनी टब उचलला तेव्हा फाळक्याजवळच्या (मागच्या उघडणाऱ्या झडपेजवळच्या) पत्र्यात स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. टब मात्र अजून चकचकीत होता.

चेकर प्लेट, म्हणजे उठावदार नक्षीचा जाड पत्रा, मजबूत, पण ३ मिलिमीटरची लोखंडी प्लेट चौरस मीटरला साधारण २५ किलो भरते. म्हणजे हौद्यात शंभर किलोच्या वर वजन कायमचं बसलं, तेवढा माल कमी. ॲल्युमिनियमची हलकी असते, पण लोखंडाला टेकून खाऱ्या पाण्यात राहिली की ॲल्युमिनियम खायला लागतं. मासळी नेणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

फवारलेलं लायनर पत्र्यालाच चिकटतं, त्यामुळे खाली पोकळी राहत नाही. पण ते टिकतं तयारीवर. आमच्या कारागिराने पूर्ण दिवस नुसतं घासण्यात घालवला: जुना गंज काढला, तेलकटपणा पुसला, प्राइमर मारला, पाणी निचऱ्याची भोकं टेप लावून वाचवली. फवारणी दुसऱ्या दिवशी. पॉलियुरेथेनमधल्या हार्डनरला (थर घट्ट करणाऱ्या आयसोसायनेट रसायनाला) ओलावा लागला की वायू सुटून थरात बुडबुडे येतात, म्हणून हे काम कोरड्या हवेतच करून घ्या. फवारताना त्याच्या तोंडावर साधा रुमाल नव्हता, फिल्टरचा मास्क होता. या आयसोसायनेटची वाफ फुप्फुसाला घातक असते. मास्क नसलेल्या ठिकाणी मी गाडीच दिली नसती.

पावसाळ्यात रोज ओला हौदा, तरी तळाला कुठेही फुगवटा किंवा गंजाचा डाग नाही. क्रेट जागचे हलत नाहीत. ऐरोली पुलाच्या अलीकडे एकदा करकचून ब्रेक मारावा लागला, टोमॅटोची थप्पी होती तशी उभी राहिली. रिकाम्या गाडीचा खडखडाटही बराच कमी झाला.

त्रास आहेत. खरखरीत पृष्ठभागावर गोणी ओढली की तिचे धागे निघतात, गुडघे टेकून माल लावणाऱ्या पोराचे गुडघे सोलतात. माशांचे खवले त्या खडबडीत दाण्यांत अडकतात. नुसत्या पाइपने जात नाहीत, कडक ब्रश लागतोच, आणि टाळाटाळ केली तर दुसऱ्या दिवशी कोथिंबिरीला वास येतो. मे महिन्यात काळा हौदा तापतो. म्हणून पालेभाजी असेल तेव्हा वर सुटी रबर मॅट टाकतो आणि फेरी संपली की काढून उभी करतो. ती तशीच पडून राहिली तर खाली पुन्हा ओल धरणार.

खर्च टबपेक्षा जास्त झाला, पण ज्या गाडीवर घर चालतं तिच्या पत्र्यासाठी मला तो पटला.

एकाच जागी थर उडाला आहे: फाळक्याच्या बिजागरीजवळ, जिथे हातगाडीची लोखंडी कड रोज आपटते. बोटभर पत्रा दिसतोय, कडेने तांबूस झालाय, पण गंज थराखाली सरकलेला नाही. नखाने उचकटून पाहिलं, बाजूचा थर घट्ट आहे. हवा कोरडी झाली की तेवढाच पट्टा घासून पुन्हा फवारून घेणार आहे, आणि त्या कडेवर लोखंडी पट्टीऐवजी जाड रबर लावणार आहे.