जुन्या बॉयलरला नवा थर्मोस्टॅट: दहा महिन्यांच्या वापरानंतर

इंग्लंडमधल्या रेडिंगच्या आमच्या घरातला बॉयलर १९९७ सालचा आहे. तो कंडेन्सिंग, म्हणजे धुरातली उष्णताही वापरणारा, नाही आणि त्याचे पोट ओतीव लोखंडाचे आहे. गेल्या डिसेंबरात, बाहेर पारा शून्याखाली तीन अंशांवर असताना, नळाला कढत पाणी येत होते, पण घरातले आठही रेडिएटर गार पडले होते. ज्या कंपनीकडे आम्ही दरमहा देखभालीचे पैसे भरतो तिच्या माणसाने वीस मिनिटे पाहणी केली आणि एवढ्या जुन्या यंत्रावर खर्च करण्यात अर्थ नाही असे सांगून नव्या बॉयलरचे २,९०० पौंडांचे अंदाजपत्रक हातात ठेवले. नवा बॉयलर गॅस कमी जाळेल हे मला मान्य आहे, परंतु जो बॉयलर सकाळी अंघोळीचे पाणी बिनतक्रार तापवतो आहे त्याला त्याच संध्याकाळी मोडीत काढणे माझ्या स्वभावात बसत नाही.

बिघाड बॉयलरच्या बाहेर होता. गरम पाणी साठवणाऱ्या सिलिंडरच्या कपाटात तीन तोंडांचा मोटारीचा व्हॉल्व्ह असतो. बॉयलरकडून आलेले पाणी सिलिंडरकडे, रेडिएटरकडे किंवा दोन्हीकडे वळवणे हे त्याचे काम. मोटार मेली की आतली स्प्रिंग त्याला सिलिंडरच्या बाजूला खेचून ठेवते, म्हणून नळ गरम आणि रेडिएटर गार. परीक्षा सोपी आहे. हीटिंग चालू असताना व्हॉल्व्हच्या डोक्यावरची पट्टी बोटाने सरकवून पाहावी. मोटार चालत असेल तर पट्टी सैल लागते, आणि आमची बोटाला कडक विरोध करत होती. मोटार १७ पौंडांना टपालाने आली, पण तोवरचे तीन दिवस मी ती पट्टी खाचेत अडकवून आणि गरम पाण्याचे बटण चालू ठेवून घर उबदार ठेवले. बदलण्यासाठी दोन स्क्रू आणि दोन वायरी एवढेच काम होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. बॉयलरचे झाकण मी उघडलेले नाही. ते काम गॅस सेफ, म्हणजे गॅस कारागिरांची अधिकृत, नोंदणी असलेल्या माणसाचेच आहे, आणि तो दरवर्षी येऊन ते करून जातो. मी हात लावला तो केवळ बाहेरच्या विजेच्या नियंत्रणांना, तोही ३ अँपिअरचा फ्यूज काढून खिशात ठेवल्यावर आणि टेस्टरने वीज नसल्याची खात्री करून घेतल्यावर.

मोटारीवर प्रकरण मिटले असते, परंतु याच सुमारास प्रोग्रॅमरची, म्हणजे हीटिंग आणि गरम पाण्याच्या वेळा सांभाळणाऱ्या डब्याची, आतली बॅटरी संपली आणि वीज क्षणभर गेली तरी त्याचे घड्याळ दुपारचे बारा दाखवू लागले. म्हणून जानेवारीत ११८ पौंडांना बिनतारी थर्मोस्टॅट आणि त्याचा निरोप घेऊन बॉयलर चालू-बंद करणारा रिसीव्हर घेतला. त्याची वैशिष्ट्ये कंपनीच्या पत्रकात आहेत, ती येथे उतरवत बसत नाही. रिसीव्हर भिंतीवरच्या जुन्याच पाटीवर बसला, कारण इंग्लंडमध्ये बहुतेक प्रोग्रॅमरची मागची पाटी एकसारखी असते आणि तिचे एन, एल आणि एक ते चार हे वायरी जोडायचे खांब ठरलेले असतात. खालचे दोन स्क्रू सैल केले, जुना डबा वर उचलून काढला आणि नवा अडकवला. वायरींना हात लावावा लागला नाही, निदान मला तसे वाटले.

पहिल्याच रात्री नव्या पडद्यावर ज्योतीचे चिन्ह तेवत होते आणि रेडिएटर मात्र थंड होते. मी विक्रेत्याला कडक शब्दांत पत्र लिहिले. दुसऱ्या दिवशी दिवाणखान्याच्या बाहेर, कोटांच्या खुंटीमागे, जुना गोल थर्मोस्टॅट पंधरावर ठेवलेला सापडला. तो अजूनही त्याच वाटेत बसून वीज अडवत होता. तो काढून त्याच्या दोन वायरी जंक्शन बॉक्समध्ये एकमेकींना जोडल्यावर सगळे सुरळीत झाले. विक्रेत्याची क्षमा मागितली. तरीही पुस्तिकेत या गोष्टीचा उल्लेख चौदाव्या पानावर बारीक अक्षरांत असावा, ही तक्रार मी मागे घेत नाही.

आता मुख्य तक्रार. हा रिसीव्हर आवाज करतो. तापमान स्थिर राहावे म्हणून तो बॉयलर तासाला सहा वेळा चालू-बंद करतो आणि प्रत्येक वेळी आतला रिले, म्हणजे विजेने हलणारा स्विच, टक् असा वाजतो, म्हणजे तासाला बारा टक्. रिसीव्हर जिन्याच्या माथ्यावर, आमच्या झोपायच्या खोलीच्या दारापासून हातभर अंतरावर आहे, आणि रात्रीच्या शांततेत तो आवाज कुणीतरी पेनाचे बटण दाबत बसल्यासारखा ऐकू येतो. जुना प्रोग्रॅमर अठरा वर्षे त्याच जागी होता, पण त्याचा आवाज मी कधी ऐकला नाही. पहिल्या महिन्यात मी या यंत्राला पाचपैकी दोन तारे दिले होते, आणि कमी केलेल्या ताऱ्यांपैकी एक निव्वळ या टक् आवाजापायी गेला होता.

शिवाय बैठकीची खोली १९ अंशांवर कधी पोचतच नाही, असेही मी तेव्हा लिहिले होते. ते विधान मला दुरुस्त करावे लागेल. मी थर्मोस्टॅट ज्या खोलीत ठेवला होता त्याच खोलीतल्या रेडिएटरवर आपोआप मिटणारी तोटी होती आणि ती अडीचवर लावलेली होती. खोली साडेसतरा अंशांना पोचली की तोटी मिटायची, थर्मोस्टॅट मात्र उष्णता मागत राहायचा आणि वरच्या खोल्या उगाच भट्टीसारख्या तापायच्या. ती तोटी पूर्ण उघडी केल्यापासून यंत्र सांगितल्याप्रमाणे वागते. दोष माझा होता.

टक् आवाजावर उपाय म्हणून चालू-बंदची आवर्तने तासाला सहावरून तीनवर आणून पाहिली. आवाज निम्मा झाला, पण खोली कधी उकडे तर कधी गार पडे. तेव्हा सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या आणि शाल घेण्या-काढण्यातच त्यांची संध्याकाळ जात असे. शेवटी आवर्तने पुन्हा सहा केली आणि रात्री साडेनऊनंतर तापमान १६ अंशांवर ठेवले. भिंतींत इन्सुलेशन असल्यामुळे घर सहसा पहाटेपर्यंत तेवढे उतरत नाही आणि रिले गप्प राहतो. पहाटे पाच चाळीसला पहिला टक् होतो, त्यामुळे गजराची गरज उरलेली नाही. हा यंत्राचा गुण समजावा की दोष, हे मला ठरवता आलेले नाही.

मोटार का मेली याचाही शोध लागला. या प्रकारच्या व्हॉल्व्हमध्ये केवळ हीटिंग चालू असताना मोटार व्हॉल्व्हला रेडिएटरच्या टोकाशी नेते आणि हीटिंग बंद झाल्यावरही, गरम पाण्याची मागणी येईपर्यंत, राखाडी वायरीतून आलेल्या विजेवर तिथेच रोखून धरते. आमच्याकडे संध्याकाळी फक्त हीटिंग चालायची, म्हणजे ती बिचारी रात्रभर अडून तापत बसायची. रात्री अकराला व्हॉल्व्हच्या डब्याला हात लावला तर तो कोमट लागे. म्हणून आता रात्रीचे हीटिंग थांबले की लगेच अर्धा तास गरम पाणी लावतो. वीज सुटते, स्प्रिंग व्हॉल्व्हला मागे खेचते आणि मोटार निवांत होते. अकराला हात लावला तर डबा गार असतो.

त्या अर्ध्या तासाचा आणखी एक फायदा अनपेक्षित आहे. आमच्याकडे इडलीचे पीठ त्याच सिलिंडरच्या कपाटात फुगायला ठेवतात. जानेवारीत वेळा बदलल्यापासून कपाट रात्री गार पडू लागले होते आणि पीठ सकाळी ठेवले होते तसेच सापडत होते, याचा ठपका घरात अर्थातच थर्मोस्टॅटवर ठेवला गेला. आता रात्रीच्या पाण्याने सिलिंडर ६० अंशांवर जातो आणि पीठ पातेल्याच्या झाकणाला लागते.

गॅसबद्दल सांगायचे तर मागच्या जानेवारीत रोज सरासरी ६१ किलोवॅट-तास जात होते. या वर्षी फेब्रुवारीत ५४ गेले. महिना वेगळा, थंडी वेगळी, म्हणून या आकड्यावर मी फार भार टाकत नाही. माझे तारे आता चार आहेत. पाचवा तारा रिले गप्प बसवणाऱ्याला राखून ठेवला आहे. आणखी एक १७ पौंडांची मोटार मागवून ती कपाटात, पिठाच्या पातेल्यामागे ठेवली आहे.