पिंपल्सचे खड्डे: लेझर की मायक्रोनीडलिंग?

आधी आरशासमोर उभं राहून खिडकीतला उजेड एका बाजूने चेहऱ्यावर येऊ द्या. सावली धरतो तो खड्डा, नुसता काळा दिसतो तो डाग. डाग उन्हापासून जपला तर काही महिन्यांत बराचसा फिकट होतो. खड्डा आपोआप भरत नाही. नवीन पिंपल्स येत असतील तर आधी ते आटोक्यात आणा.

मी दोन्ही केलंय. फ्रॅक्शनल सीओटू लेझर, म्हणजे त्वचेवर ठिपक्याठिपक्यांनी मारायचं लेझर, एकदा; नंतर मायक्रोनीडलिंगच्या, म्हणजे बारीक सुयांनी त्वचा टोचण्याच्या, चार सिटिंग्ज.

ताकद लेझरची जास्त, हे मान्य. उभ्या कडांचे खड्डे एकाच सिटिंगमध्ये बोथट झाले, असं मला तरी वाटलं. सहा दिवस गालांवर चहाची पूड चिकटावी तशा खपल्या होत्या, तेही चाललं असतं. पण तिसऱ्या आठवड्यात दोन्ही गाल काळवंडले, मूळ खड्ड्यांपेक्षा ठळक. लेझर उष्णतेने काम करतं, आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत भाजल्याजागी रंग पटकन गडद होतो. सनस्क्रीन दिवसातून अनेकदा लावायचं होतं. बोरिवली-चर्चगेटच्या गर्दीत ते घामाबरोबर डोळ्यांत उतरायचं. जाताना सकाळचं ऊन डावीकडून, परतताना संध्याकाळचंही डावीकडूनच. उजवा गाल तीन महिन्यांत निवळला, डाव्याला पाच लागले. याला मोजमाप म्हणणार नाही, पण मला तेवढं पुरलं.

नीडलिंगमध्ये सुया टोचतात, भाजत नाहीत. पाऊण तास बधिर करणारी क्रीम, मग रक्ताचे बारीक ठिपके, दोन दिवस लाली. शुक्रवारी केलं की सोमवारी ऑफिस. काळवंडण्याची भीती अगदीच नाही असं नाही, पण बरीच कमी. फरक मात्र सावकाश पडतो, कारण नवं कोलॅजन, म्हणजे त्वचेला भरीव ठेवणारं प्रथिन, तयार व्हायला महिने जातात. चौथ्या सिटिंगनंतर तीनेक महिन्यांनी दाढी करताना पातं गालावर अडखळेनासं झालं, तेव्हा मला पटलं. घरी सुयांचा रोलर फिरवायच्या फंदात मात्र पडू नका.

टाचणीने टोचल्यासारखे अरुंद, खोल खड्डे दोन्हींना फारसे दाद देत नाहीत. त्यांत काडीच्या टोकाने तीव्र आम्ल सोडतात, त्याला टीसीए क्रॉस म्हणतात. ते डॉक्टरांना वेगळं विचारा.

महिना-दोन महिने उन्हात न पडता राहता येत असेल, तर लेझरचा विचार जरूर करा. माझा धाकटा भाऊ रोज आठ बावीसची लोकल पकडतो. त्याला मी नीडलिंगच सांगितलं. या शुक्रवारी दुसरी सिटिंग आहे.