चरबी भरून छातीचा आकार वाढवला: सहा महिन्यांनंतरचं माप

मी जुळे सोलापुरात ब्लाउज शिवते. 22 वर्षं बायकांची मापं घेतली आणि स्वतःच्या ब्लाउजला मात्र डावीकडे दुहेरी पॅड लावत राहिले, कारण ती बाजू पहिल्यापासून लहान. सिलिकॉन नको होतं. गड्ड्याची जत्रा सरल्यावर शहरातल्याच एका प्लास्टिक सर्जनकडे स्वतःची चरबी भरून घेतली.

डॉक्टर नेमकं बोलणारे. आधी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, करायला लावली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "मिश्री लावता का?" तंबाखूनं रक्तवाहिन्या आखडतात, मग भरलेली चरबी जगत नाही. महिनाभर आधीच मिश्री बंद केली. ओघळलेली छाती यानं वर उचलली जात नाही, वाढ फार तर एका कपाची, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. काउंटरवरची बाई मात्र "दोन साइझ नक्की" म्हणत होती. तिचा मला अजून राग आहे. अशा शब्दावर बायका दागिना मोडतात, आणि मेडिक्लेम यात चालत नाही.

पूर्ण भूल देऊन पोट आणि मांड्यांतली चरबी काढली, स्वच्छ केली आणि बारीक नळीनं थोडी थोडी, वेगवेगळ्या थरांत सोडली. एकाच जागी गोळा भरला तर आतल्या चरबीला रक्त पोचत नाही. छातीपेक्षा मांड्याच जास्त दुखल्या. दोन रात्री चरबी काढलेल्या छिद्रांतून लालसर पाणी झिरपत होतं, अंथरुणावर जुनी चादर घडी करून टाकली होती. पोटा-मांड्यांना घट्ट पट्ट्यांचा पोशाख सहा आठवडे होता. मार्चच्या उन्हात तो घामानं भिजायचा. दोन घ्या, असं कुणी आधी सांगितलं नाही. पालथं झोपायचं नाही, छातीवर घट्ट काही घालायचं नाही.

आता टेप. आधी 33 इंच, तिसऱ्या दिवशी 36, तिसऱ्या महिन्यात साडेचौतीस, सहाव्यातही तेवढंच. सुरुवातीची बरीचशी सूज असते, शिवाय काही चरबी शरीर शोषून घेतं. पहिल्या आठवड्याच्या मापावर नवे ब्लाउज शिवू नका.

चौथ्या महिन्यात उजवीकडे वाटाण्याएवढी गाठ लागली. रात्रभर डोळा लागला नाही. सोनोग्राफीत तेलाची गाठ, म्हणजे न जगलेल्या चरबीची, निघाली, धोका नाही म्हणाले. तरी नवी गाठ लागली की दाखवायचीच, आणि पुढच्या प्रत्येक मॅमोग्राफीला चरबी भरल्याचं सांगायचं. ऑपरेशनचे कागद मी मुलीच्या हाती दिलेत.

डावीकडे आता एकच पॅड लागतं. दुसऱ्यांदा भरता येईल म्हणाले, मी नको म्हटलं.