वर्गातला दीड हजारांचा कंट्रोल बॉक्स: दोन सेमिस्टर वापरल्यावर

इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनी प्रोजेक्ट म्हणून बनवलेला हा बॉक्स चार वर्गांत रोज चालतो. कामं तीनच: प्रोजेक्टर, मोटरचा पडदा आणि अ‍ॅम्प्लिफायर. आत ईएसपी-३२ (वायफाय असलेला, प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड), सिरियल केबलसाठी व्होल्टेज जुळवणारी मॅक्स-३२३२ चिप, रिले (सिग्नलवर चालणारा स्विच), ५ व्होल्टचा अडॅप्टर. सगळे भाग पुण्यात तापकीर गल्लीत मिळतात आणि खर्च साधारण दीड हजारांत बसतो. नामांकित कंपन्यांच्या सिस्टिमचं नुसतं भिंतीवरचं पॅनेलही या पैशांत येत नाही.

पहिल्या बॉक्समध्ये फक्त आयआर (इन्फ्रारेड) होतं: रिमोटची नक्कल करणारा ९४० नॅनोमीटरचा एलईडी, ३८ किलोहर्ट्झ. स्वस्त, पण एकतर्फी. पॉवरचं बटण चालू-बंदला एकच असतं. मधेच कुणी खरा रिमोट दाबला की बॉक्स म्हणतो चालू आणि प्रोजेक्टर बंद. बंद करताना बऱ्याच मॉडेलना बटण दोनदा लागतं. घाई झाली तर दुसरा दाब वाया जातो, उशीर झाला तर पडद्यावरची सूचना निघून जाते. आमच्याकडे दीड सेकंदाचं अंतर जमलं. शिवाय डबल टेपने चिकटवलेला एलईडी गरम हवेच्या झोतात महिन्याभरात लोंबायला लागतो.

आरएस-२३२ (प्रोजेक्टरचं उत्तरही आणणारी सिरियल केबल) आल्यावर ही कटकट संपली. एप्सनच्या प्रोजेक्टरला ९६०० बॉडच्या वेगाने ‘पीडब्ल्यूआर ऑन’ आणि शेवटी कॅरेज रिटर्न (एंटरचं चिन्ह) पाठवायचा. उत्तरात कोलन (:) आला की तो पुढच्या कमांडला मोकळा. ‘पीडब्ल्यूआर?’ विचारलं की ०१ म्हणजे चालू, ०२ म्हणजे तापतोय, ०३ म्हणजे थंड होतोय. तापताना तो दुसरं काही ऐकत नाही. मास्तर घाईघाईने तीनदा बटण दाबतात, म्हणून कोलन येईपर्यंत बाकीच्या कमांड रांगेत थांबतात. बॉक्सवरचा दिवाही आता प्रोजेक्टरच्या उत्तरावरच लागतो. मुलांनी केलेल्या कामात हे सगळ्यात मोलाचं. उत्तरच येत नसेल तर आधी केबल बघा: बहुतेक वेळा २ आणि ३ नंबरच्या पिना उलटसुलट करायच्या राहिलेल्या असतात. आणि मॅक्स-३२३२च घ्या. जुना मॅक्स-२३२ पाच व्होल्टवर चालतो, ते पाच व्होल्ट थेट बोर्डाच्या ३.३ व्होल्टच्या पिनेवर जातात.

पडद्याच्या मोटरला वर आणि खाली अशा दोन वायरी असतात. दोन्हींत एकदम २३० व्होल्ट गेले तर मोटर जळू शकते. ही काळजी प्रोग्रॅमवर सोडायची नाही. एक रिले फक्त सप्लाय देतो, दुसऱ्याचा चेंजओव्हर (एका वेळी एकच वायर जोडणारा संपर्क) दिशा ठरवतो. मग प्रोग्रॅम अडकला तरी दोन्ही वायरी एकदम लागू शकत नाहीत. दिशा बदलण्याआधी अर्धा सेकंद सप्लाय बंद.

बोर्ड रीसेट होताना पिना अधांतरी असतात. लो सिग्नलवर लागणारा रिले त्या वेळी टिक करतो आणि पडदा दोन इंच सरकतो. उपाय म्हणजे ३.३ व्होल्टला १० किलोओहमचा पुल-अप (पिन हाय धरून ठेवणारा रेझिस्टर). पण तो १२ नंबरच्या पिनेवर लावला की बोर्ड उठतच नाही, कारण सुरू होताना ती पिन हाय दिसली तर फ्लॅशला (प्रोग्रॅम साठवणाऱ्या मेमरीला) १.८ व्होल्ट जातात. २५, २६, २७, ३२, ३३ या पिना निर्धोक. मोटर बंद होतानाच्या ठिणगीने बोर्ड रीसेट होत असे. रिलेच्या संपर्कांवर ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स-२ (मेन्सच्या व्होल्टेजला चालणारा) कपॅसिटर आणि १०० ओहमचा रेझिस्टर एका ओळीत जोडल्यावर ते थांबलं.

अ‍ॅम्प्लिफायर सगळ्यात शेवटी चालू आणि सगळ्यात आधी बंद, नाहीतर मिक्सरचा ‘धप्प’ आवाज थेट स्पीकरात. प्रोजेक्टरचा मुख्य सप्लाय मात्र रिलेवर घेऊच नका. दिवा थंड होण्याआधीच पंखा बंद पडतो.

वायफाय हा कच्चा दुवा. ईएसपी-३२ फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो आणि कॉलेजच्या नेटवर्कचं लॉगिन पान त्याला उघडता येत नाही. दोन वर्गांत लॅन चिपचा बोर्ड बसवला. तिथे पीजेलिंक (नेटवर्कवरून प्रोजेक्टर चालवायची पद्धत) असलेल्या प्रोजेक्टरला ४३५२ पोर्टवरूनच कमांड जाते, सिरियल केबलही लागत नाही.

बॉक्स ताब्यात घेताना पिनांचा तक्ता झाकणाच्या आत चिकटवून घ्या आणि कोड विभागाच्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. मुलं जूनमध्ये पास होऊन जातात, प्रोजेक्टर बदलायची वेळ दिवाळीनंतर येते.